कल्पित भग्नावशेष : रोम, वेरूळ, चाकण

१

अठराव्या शतकातील इटालियन चित्रकलेत 'काप्रिच्चो' ह्या नावाचा एक चित्रप्रकार रूढ होता. मूळ शब्दाचा अर्थ मनाची लहर. ह्या प्रकारात चित्रकार प्राचीन वास्तूंचे अवशेष आपल्या इच्छेप्रमाणे निवडतो, त्यांना त्यांच्या जागेवरून हलवतो आणि प्रत्यक्षात कोठेही नसलेल्या एका भूदृश्यात एकत्र मांडतो. रोममध्ये एकमेकांपासून दूर असलेले पँथिऑन, ट्रेजनचा स्तंभ आणि मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा अशा चित्रात हाकेच्या अंतरावर येतात. तुटलेल्या कमानींवर झुडपे उगवलेली असतात आणि पुढल्या भागात मेंढपाळ, प्रवासी किंवा धुणे धुणाऱ्या बायका आपापल्या कामात असतात. वास्तूंची भव्यता प्रेक्षकाच्या नजरेत भरावी, म्हणून ही माणसे तेथे लहान आकारात योजलेली असतात.

मार्को रिच्ची (१६७६-१७३०) ह्याने व्हेनिसच्या परंपरेत ह्या प्रकाराला आकार दिला. रोममध्ये जोव्हान्नी पाओलो पानीनी (१६९१-१७६५) ह्याने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे कानालेत्तो, ग्वार्दी आणि पिरानेसी ह्यांच्या हाती त्याच्या निरनिराळ्या शक्यता विस्तारत गेल्या. ह्या प्रकाराचे तात्त्विक समर्थन करणारा लेखक म्हणजे फ्रान्चेस्को आल्गारोत्ती. १७५९ मधील एका पत्रात त्याने ह्या चित्रांचे वर्णन केले आहे. जागा प्रत्यक्षातली घ्यावी आणि तिच्यावर इतर ठिकाणच्या किंवा केवळ कल्पनेतल्या सुंदर इमारती उभ्या कराव्यात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. त्याच्यासाठी कानालेत्तोने केलेल्या रचनेत व्हेनिसच्या रिआल्तो पुलाच्या जागी पाल्लादिओने आखलेला, परंतु कधीच न बांधला गेलेला पूल दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना व्हिचेन्झा शहरातील दोन इमारती आणून ठेवलेल्या आहेत. व्हेनिसच्या रहिवाशाला हे चित्र ओळखीचे वाटावे आणि त्याच वेळी असे ठिकाण आपल्या शहरात नाही हेही त्याला कळावे, अशी ही योजना आहे.

पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. काप्रिच्चो आपली कल्पितता लपवीत नाही. युरोपच्या उत्तरेकडून रोमला येणारा आणि पानीनीचे चित्र विकत घेऊन घरी जाणारा उमराव त्या वास्तू प्रत्यक्ष पाहून आलेला असे. त्या एका ओळीत उभ्या नाहीत हे त्याला ठाऊक असे, आणि चित्राचा आनंद ह्या ठाऊक असण्यावरच उभा असे. चित्रकार व प्रेक्षक ह्यांच्यात येथे एक करार आहे. ह्या कराराच्या कडा मात्र नेहमीच स्पष्ट नव्हत्या. पिरानेसीचे उदाहरण त्या दृष्टीने बोलके आहे. १७५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोमन पुरावस्तूंवरील त्याच्या चार खंडांत भिंतींची जाडी, पायांची खोली आणि दगडांचे सांधे ह्यांची काटेकोर नोंद आहे. त्याच खंडांच्या आरंभी येणाऱ्या काही चित्रांत मात्र थडग्यांनी व स्मारकांनी गच्च भरलेला असा एक प्राचीन रस्ता दिसतो, जो कोणत्याही काळी तसा नव्हता. नोंद करणारा हात आणि रचना करणारा हात एकाच माणसाचे आहेत. लंडनच्या पुरातत्त्वप्रेमी विद्वानांच्या संस्थेने १७५७ मध्ये पिरानेसीला सन्माननीय सदस्यत्व दिले. त्याच्या पुस्तकांबरोबर भग्नावशेष पाहण्याची ही दुहेरी रीत इंग्लंडमध्ये रुजत गेली.

मराठी समीक्षेने ह्या चित्रप्रकाराकडे वळण्याचे कारण असे, की 'भग्नावशेष' ही प्रतिमा आपल्याकडे बऱ्याचदा सार्वत्रिक व कालातीत मानली जाते. पडका तट दिसला की काळाची गती, वैभवाची नश्वरता आणि त्यातून येणारी हुरहूर हे सारे ओघानेच येते, असे गृहीत धरले जाते. ही हुरहूर स्वयंभू नाही. तिला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यामार्गे वेरूळपर्यंत येऊन पोहोचतो.

२

इटलीहून हिंदुस्थानापर्यंतचा हा प्रवास गुरुशिष्यपरंपरेनेही दाखवता येतो. रिचर्ड विल्सन हा वेल्श निसर्गचित्रकार १७५० नंतरची काही वर्षे इटलीत होता. त्याचा शिष्य विल्यम हॉजेस १७८० ते १७८३ ह्या काळात हिंदुस्थानात राहिला आणि परतल्यावर त्याने येथील दृश्यांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. ह्याच सुमारास विल्यम गिल्पिन 'चित्रोपम' सौंदर्याची कल्पना मांडत होता. टिंटर्न येथील पडक्या मठाच्या भिंती पुरेशा मोडलेल्या दिसत नाहीत, त्यांवर जाणत्या हाताने हातोडा चालवला तर बरे, असे त्याने १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात सुचवले होते. अवशेष निसर्गतः चित्रोपम नसतो, तो तसा घडवावा लागतो, ह्याची ती कबुलीच होती. थॉमस डॅनिएल व त्याचा पुतण्या विल्यम १७८६ मध्ये कलकत्त्यास उतरले ते ही दृष्टी घेऊन.

पुण्यात त्या वेळी चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. त्याच्यासाठी काम करणाऱ्या चित्रकारांत गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा पुण्याचा कलावंत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे १७९० मधील चित्र आणि वेरूळ व कार्ले येथील लेण्यांची रेखाटने ही त्याची ज्ञात कामगिरी. त्याची बरीच चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहेत. १७९४ मध्ये मॅलेटने वेरूळची लेणी पाहिली आणि त्यांचे वर्णन कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाले. त्यासोबतची चित्रे गंगारामच्या रेखाटनांवर आधारलेली होती. मुळात स्कॉटलंडचा असलेला चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला. पुण्यात त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे ह्यांची व्यक्तिचित्रे रंगवली. १७९५ मध्ये त्याने वेरूळची चित्रे काढली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो मरण पावला. त्याची रेखाटने मॅलेटबरोबर इंग्लंडला गेली. मॅलेटने पुढे वेल्सच्या मुलीशी विवाह केला आणि १८०३ मध्ये वेरूळच्या २४ दृश्यांचा भव्य चित्रसंग्रह लंडनमध्ये निघाला. वेल्सच्या चित्रांवरून त्याचे मुद्रण करून घेतले थॉमस डॅनिएलने.

डॅनिएलने वेरूळ पाहिले नव्हते. १७९३ मध्ये तो मुंबईस आला, वेल्ससोबत मुंबईच्या आसपासची लेणी त्याने पाहिली आणि तेथूनच तो स्वदेशी परतला. म्हणजे १८०३ च्या संग्रहातील वेरूळ निदान दोन हातांतून गेलेले आहे, आणि ह्या हातांच्याही आधी पुण्याच्या तांबटाची पेन्सिल त्याच कड्यांवरून फिरलेली आहे. ह्या चित्रांतील डोंगराचा विस्तार, छायाप्रकाशाची नाट्यमय वाटणी, कड्यावरची झाडी आणि पुढल्या भागातील लहान लहान माणसे ही सारी मांडणी रोमच्या भग्नदृश्यांशी परिचित असलेल्या डोळ्यांना ओळखीची वाटावी अशीच आहे. मापे आणि शिल्पांचे तपशील वेल्सने कष्टपूर्वक टिपलेले आहेत. म्हणून हा संग्रह काप्रिच्चोच्या सदरात टाकता येत नाही. तरीही पाहण्याची चौकट काप्रिच्चोची आणि दावा मात्र प्रत्यक्षदर्शनाचा, असा एक नवा प्रकार येथे जन्माला आला. पानीनीच्या ग्राहकाने रोम पाहिलेले असे. लंडनमधील वर्गणीदाराने वेरूळ पाहिलेले नसे. त्यामुळे जुन्या करारातील दुसरा पक्षच येथे उरला नाही.

ह्याच मंडळींच्या हातून घडलेले दुसरे एक चित्र हा मुद्दा अधिक स्पष्ट करते. १७९० साली पेशव्यांच्या दरबारात मॅलेटने केलेल्या तहाचा प्रसंग थॉमस डॅनिएलने १८०५ मध्ये लंडनमध्ये रंगवला. तो वेल्सच्या पूर्वतयारीच्या अभ्यासचित्रांवर आधारलेला आहे. वेल्स मुंबईस आला १७९१ मध्ये आणि डॅनिएल १७९० मध्ये उत्तर हिंदुस्थानात होता. तहाच्या वेळी दोघांपैकी कोणीही पुण्यात नव्हते. निरनिराळ्या वेळी केलेली व्यक्तिचित्रे एका दालनात आणून बसवली गेली आणि त्यातून एक ऐतिहासिक क्षण तयार झाला. कानालेत्तोने व्हिचेन्झाच्या इमारती व्हेनिसमध्ये आणल्या, तशीच ही क्रिया आहे. फरक एवढाच, की हे चित्र स्वतःला प्रसंगाची साक्ष म्हणवते आणि पुढे मराठी इतिहासाच्या वाचकानेही ते साक्ष म्हणूनच स्वीकारले.

३

वेरूळ ज्यांच्या भाषेत होते, त्यांनी ते कसे पाहिले होते, हा प्रश्न ह्यानंतर टाळता येत नाही. येथे शब्दापासूनच सुरुवात करावयास हवी. पश्चिम महाराष्ट्रातील ब्राह्मी शिलालेखांत कोरीव गुहेसाठी 'लेण' हा शब्द येतो. त्याचे मूळ 'लयन', म्हणजे आश्रयाचे व मुक्कामाचे ठिकाण. मराठीत हाच शब्द 'लेणे' झाला आणि अंगावर घालावयाच्या दागिन्याचा वाचक असलेल्या दुसऱ्या 'लेणे' ह्या शब्दाशी त्याचा ध्वनी जुळला. दोन्हींची व्युत्पत्ती वेगळी आहे, तथापि मराठी कानाला निवारा आणि अलंकार हे दोन्ही अर्थ एकत्र ऐकू येतात. मोडतोड, ओसाडी किंवा नाश ह्यांचा स्पर्श त्या शब्दाला नाही.

साहित्यातील साक्ष ह्याला पूरक आहे. 'लीळाचरित्रा'त चक्रधरांच्या वेरूळच्या मुक्कामातील लीळा येतात. तेथील लेणी ही वावरण्याची, बसण्या-उठण्याची आणि बोलण्याची जागा आहे. 'अमृतानुभवा'त ज्ञानदेवांनी एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि परिवार घडू शकतो हा दाखला अद्वैतातील भक्तीसाठी योजला आहे. लेण्याच्या रचनेतील जे वैशिष्ट्य चित्रकाराला अद्भुत वाटते, तेच येथे तत्त्वविचाराचे प्रमाण होते. घडणारे आणि घडलेले ह्यांत फट नाही, हा त्याचा आशय. भग्नावशेषाची प्रतिमा ह्याच्या अगदी उलट टोकाला उभी असते, कारण ती मूळ वास्तू आणि उरलेला भाग ह्यांच्यातील फटीवरच जगते. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'मध्ये कोकस नावाच्या स्थपतीने माणिकेश्वराचे, म्हणजेच कैलास लेण्याचे, काम वरून खाली करीत अल्पावधीत सिद्धीस नेल्याची कथा आहे. ही कथा निर्मितीची आहे. लेणे कसे मोडले हे विचारावे असे तिला वाटत नाही, ते कसे झाले एवढेच ती विचारते.

आणखी एक समकालीनता येथे नोंदवावयास हवी. लेण्यांपासून जवळच घृष्णेश्वराचे मंदिर आहे. मालोजी भोसल्यांनी आणि पुढे होळकर घराण्यातील स्त्रियांनी त्याचा जीर्णोद्धार केला. ह्यांतील अहल्याबाई होळकर १७९५ च्या ऑगस्टमध्ये निवर्तल्या. म्हणजे वेल्स वेरूळची दृश्ये टिपत होता, त्याच वर्षापर्यंत त्याच गावाकडे पाहण्याची दुसरी रीत आपल्या सर्वांत समर्थ प्रतिनिधीच्या रूपाने जिवंत होती. त्या रीतीचे नाव जीर्णोद्धार. जे मोडले ते पाहत बसावयाचे नसते, ते पुन्हा उभे करावयाचे असते. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये ह्या समजुतीमागेही हाच भाव आहे.

ह्यावरून एक सोपी विभागणी करण्याचा मोह होतो : भग्नतेत रमणारे युरोपीय आणि अखंडतेकडे जाणारे मराठी. ही विभागणी टिकणारी नाही. जीर्णोद्धारही काही गमावतो. जुन्या दगडावर नवा गिलावा चढला की मधली शतके पुसली जातात आणि वास्तू नेहमी अशीच होती असा भास निर्माण होतो. भग्नदृश्याने निदान काळाची खूण राखलेली असते. दोन्ही रीतींत कल्पना काम करते. प्रश्न ती कल्पना आहे की नाही हा नसून ती आपण कल्पना असल्याचे सांगते की नाही, हा आहे.

४

मराठी मनातील भग्नावशेष म्हणजे मुख्यतः किल्ला. त्याचा इतिहास रोमच्या अवशेषांहून मुळातच वेगळा आहे. पानीनीपुढील कमानी हजार-दीड हजार वर्षांपूर्वी ढासळू लागल्या होत्या आणि त्यांचा नाश कोणा हयात सत्तेच्या खाती जमा नव्हता. मराठी किल्ल्यांचे तसे नाही. १८१८ च्या मे महिन्यात तोफांच्या माऱ्यानंतर रायगड पडला, वरचे वाडे जळाले. त्या युद्धानंतर अनेक किल्ल्यांच्या वाटा व तट इंग्रजांनी पाडले. १८२८ मध्ये शनिवारवाडा आगीत भस्मसात झाला. भग्नदृश्यांचा शौक असलेली सत्ता आणि ताजे भग्नावशेष निर्माण करणारी सत्ता येथे एकच होती.

म्हणूनच मराठीतील पडक्या किल्ल्याच्या प्रतिमेत हुरहुरीपेक्षा फिर्याद अधिक आहे. रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेविषयी १८८३ मध्ये जेम्स डग्लसने लिहिले. त्याच्या नाराजीत प्रवासी रसिकाचा सूर आहे. १८९५ मध्ये टिळकांनी 'केसरी'तून हाच विषय उचलला तेव्हा त्याचे रूपांतर निधी उभारण्याच्या चळवळीत झाले, आणि समाधीचे प्रत्यक्ष काम १९२० च्या दशकात पार पडले. एकच अवशेष, पण एकाने तो दृश्य म्हणून वाचला आणि दुसऱ्याने कर्तव्य म्हणून. विसाव्या शतकात गो. नी. दांडेकरांच्या दुर्गलेखनात ह्या दोन्ही रीती एकत्र येतात. पडक्या वास्तूची ओढ तेथे आहे, आणि ती पायी चालून, ठिकाण अंगाने अनुभवून मिळवलेली आहे.

साहित्यप्रकारांच्या पातळीवरही हाच निकष उपयोगी पडतो. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत वि. का. राजवाड्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर टीका केली. काळ, स्थळ आणि व्यक्ती ह्यांची बखरीतील सरमिसळ त्यांना इतिहासाच्या दृष्टीने घातक वाटली. बखरकार दूरच्या घटना जवळ आणतो आणि झालेले व व्हावेसे वाटलेले एकाच दालनात बसवतो, म्हणजे काप्रिच्चोच्याच रीतीने रचना करतो. तथापि त्याच्या श्रोत्याशी त्याचा कोणता करार होता, हा प्रश्न राजवाड्यांच्या टीकेत मागे राहतो. त्याच काळात हरिभाऊ आपटे 'उषःकाल' लिहीत होते. कादंबरी ह्या नावानेच तो करार नव्याने केला गेला : काळ खरा, पण माणसांचे बोलणे रचलेले. ऐतिहासिक कादंबरी वाचकाकडून इतिहास म्हणून स्वीकारली जाऊ लागते, तेव्हा हा करार मोडतो. तो मोडल्याची किंमत मराठी समाजाने पुढे पुष्कळदा मोजली आहे.

५

ह्या विवेचनाची कसोटी दूर कोठे पाहावयास नको. पुण्याच्या उत्तरेस पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात ती हाताशी आहे. चाकणचा भुईकोट, संग्रामदुर्ग, १६६० च्या जून ते ऑगस्टमध्ये फिरंगोजी नरसाळा ह्यांनी शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध लढवला. भुयार खणून, सुरुंग लावून बुरूज उडवल्यानंतरच तो मोगलांच्या हाती गेला. आज त्या कोटाचे काही तट, बुरूज आणि खंदकाच्या खुणा वस्तीत मिसळून उरल्या आहेत. त्याच परिसरात भामचंद्राचा डोंगर आहे. त्याच्या कोरीव गुहांशी तुकोबांच्या चिंतनाची परंपरा निगडित आहे, आणि त्याच्या पायथ्याच्या गावांपर्यंत औद्योगिक वसाहत पोहोचली आहे. देहूजवळच्या घोरावडीच्या बौद्ध लेण्यात शिवलिंगाची स्थापना झाली आणि घोरवडेश्वर म्हणून तेथे महाशिवरात्रीला जत्रा भरते. आळंदी ह्याच पट्ट्याच्या कडेला आहे. लेणे म्हणजे मुक्काम, हा जुना अर्थ येथे शब्दकोशात जाऊन शोधावा लागत नाही.

ह्या अवशेषांचे कोणी पानीनी झाले नाही. चाकणच्या बुरुजामागे कारखान्याची चिमणी उभी असते आणि तेवढ्याने दृश्याची चौकट मोडते. चित्रोपमतेला हवे असलेले एकांत आणि अंतर येथे उपलब्ध नाही. हे अभावाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. रिच्चीच्या चित्रांतही अवशेषांच्या सावलीत कपडे वाळत घातलेले असत. फक्त ती माणसे चित्रासाठी होती. चाकणच्या तटालगत राहणारी माणसे कोणाच्याही चित्रासाठी तेथे राहत नाहीत. त्यामुळे येथील अवशेषाचा विचार त्यांना वगळून करता येत नाही. भामचंद्र आणि भंडारा ह्या डोंगरांच्या रक्षणासाठी वारकरी उभे राहिले तेव्हा त्यांनी मांडलेला मुद्दा दृश्याचा नव्हता, जागेशी असलेल्या नात्याचा होता.

आणि तरीही मराठी लोकजीवनात काप्रिच्चो आहे, दरवर्षी नव्याने घडणारा. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात. विटा, दगड आणि गोणपाट रचून त्यावर चिखल लिंपला जातो, उतारावर हळीव किंवा मोहरी पेरून रान उगवले जाते आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज बसतात. मावळा दरवाजाहून उंच असतो, पायथ्याच्या रस्त्यावर खेळण्यातील मोटारी धावतात. एका किल्ल्याची माची दुसऱ्याच्या बालेकिल्ल्याला जोडली जाते आणि दोन्ही कोणत्याही नकाशात नसलेल्या डोंगरावर उभ्या राहतात. आल्गारोत्तीने सांगितलेली कृती ती हीच. एक भेद मात्र मूलगामी आहे. इटालियन चित्रकाराने अवशेषांतून अवशेषच रचला. मुले अवशेषांतून अखंड गड रचतात आणि त्यावर माणसे वसवतात. जीर्णोद्धाराची ओढ आणि काप्रिच्चोचा मोकळेपणा येथे एकत्र येतात. दिवाळी संपली की किल्ला मोडतो. तो खरा रायगड आहे असे कोणी म्हटलेले नसते, त्यामुळे त्याच्या मोडण्याने कोणाची फसवणूक होत नाही.

धोका दुसऱ्या बाजूने येतो. ठिकठिकाणच्या पडक्या तटांवर सिमेंटचे नवे बुरूज चढतात, तयार साच्यातल्या कमानी उभ्या राहतात आणि त्याला संवर्धन म्हटले जाते. ही रचनाही निरनिराळ्या ठिकाणच्या तुकड्यांतूनच जन्मते, परंतु ती स्वतःला मूळ म्हणवते. १८०५ मध्ये रंगवलेल्या पेशवे दरबारासारखी ती एक दिवस साक्ष म्हणून स्वीकारली जाईल. चाकणच्या कोटाचे जे थोडे उरले आहे, त्याच्या बाबतीत हा प्रश्न तातडीचा आहे. उडवलेल्या बुरुजाची जागा बुजवून तेथे धडधाकट बुरूज उभा केला, तर १६६० च्या वेढ्याची सर्वांत प्रामाणिक खूणच नाहीशी होईल. मातीच्या किल्ल्याला जे स्वातंत्र्य आहे ते दगडी किल्ल्याच्या दुरुस्तीला नाही, आणि ते का नाही हे स्पष्ट करून सांगणे हे स्थापत्यशास्त्राइतकेच समीक्षेचेही काम आहे.